कोंबडीचेही बेणे असते : परसातला देशी वाण राखण्याविषयी



उसाची लागण करायची म्हटली की आपण पहिली चौकशी करतो ती बेण्याची. को ८६०३२ म्हणून आणलेले बेणे खरोखर तेच आहे काय, बेणेमळा कोणाचा, वय किती महिन्यांचे, डोळे कसे आहेत, काणीचे बेट तर नव्हते ना, एवढे विचारल्याशिवाय कांडी मातीत जात नाही. मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित बेणे ही भाषा आता घरातल्या पोरांनाही पाठ झाली आहे. पण त्याच घराच्या मागे उकिरड्यावर चरणाऱ्या दहा कोंबड्यांचे बेणे कुठून आले, असे विचारले तर उत्तर मिळते, "कोंबडी ते कोंबडी, तिच्यात वाण काय पाहाचा जी?"

वाण पाहावा लागतो आणि तो राखावाही लागतो. उसाचा पैसा वर्षातून एकदा, तोही हप्त्याहप्त्याने हाती येतो. अंड्याचा आणि कोंबड्याचा पैसा आठवड्याच्या बाजाराला येतो आणि बहुधा घरच्या लक्ष्मीच्या हातात राहतो. नागपूर शहर जवळ आहे. सावजी रश्श्याला गावरान कोंबडाच पाहिजे म्हणणारे गिऱ्हाईक तिथे आहे. अशा वेळी आपल्या परसातले गावरान खरोखर गावरान राहिले आहे काय, हा प्रश्न पोटापाण्याचाच आहे.

अंडे म्हणजे कांडी नव्हे

ऊस आणि कोंबडी यांतला एक मोठा फरक आधी ध्यानात घ्यावा. उसाचा डोळा फुटला की येणारे रोप मूळ बेटासारखेच असते. त्याला दुसरा बाप नसतो. अंड्याचे तसे नाही. पिल्लात निम्मे आईचे आणि निम्मे बापाचे उतरते. दहा कोंबड्या कितीही चांगल्या असल्या, तरी त्यांच्यावर फिरणारा एकच कोंबडा पुढच्या सगळ्या पिल्लांचा निम्मा वाटेकरी असतो. म्हणून कोंबडीच्या धंद्यात खरे बेणे म्हणजे कोंबडा. आपल्याकडे मात्र चांगला वजनदार कोंबडा पाहुण्यांसाठी कापला जातो आणि उरलेला मरतुकडा कळपात राहतो. हा व्यवहार उलटा आहे.

याच कारणाने सुधारित जातींची अंडी घरी उबवून तोच गुण पुढे मिळत नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराजा आणि ग्रामप्रिया किंवा बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा हे पक्षी वेगवेगळ्या वंशांच्या मिश्रणातून तयार केलेले आहेत. आपली गावरान कोंबडी परसात वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, तर वनराजा शंभराच्या वर आणि ग्रामप्रिया त्याहूनही जास्त देते. अंड्यासाठी त्या जरूर पाळाव्यात, पण दर खेपेला पिल्ले केंद्रातून आणावीत. त्यांच्या पोटची दुसरी पिढी एकसारखी निघत नाही. शिवाय जास्त अंड्यांसाठी निवड करताना खुडूक बसण्याची सवय या पक्ष्यांतून काढून टाकलेली असते. त्यांचा कोंबडा गावरान कोंबड्यांत मोकळा सोडला, तर दोन-चार वर्षांत आपल्या घरात रवणावर बसणारी कोंबडीच उरत नाही. मग प्रत्येक पिल्लू विकत आणावे लागते.

वाण म्हणजे काय

देशातील पशुपक्ष्यांच्या जातींची नोंद कर्नालचा राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो ठेवतो. त्यात कोंबडीच्या जाती वीसच्या आसपास आहेत. आपल्याशी संबंध येतो तो मुख्यतः तिघींचा.

पहिली असील. उंच, ताठ मानेची, घट्ट अंगाची आणि चिवट. आंध्र, छत्तीसगड, ओडिशा हा तिचा मुलूख. अंडी कमी, पण अंग भक्कम. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात असीलच्या रक्तातून एक जात तयार झाली आणि पुढे आजच्या ब्रॉयलरच्या बापाच्या बाजूला तीच उभी राहिली. म्हणजे जगभरच्या ब्रॉयलरच्या छातीवरचे मांस काही अंशी आपल्या असीलची देणगी आहे. इकडे मात्र पूर्व विदर्भात असील म्हटले की लोकांना कोंबडबाजार आठवतो. कोंबड्यांच्या झुंजी लावणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. असील राखायचा तो वाणासाठी राखावा, पैजेसाठी नव्हे.

दुसरी कडकनाथ. मूळ मध्य प्रदेशातील झाबुआ आणि धार भागातील भिल्ल-भिलाला लोकांनी सांभाळलेली. कातडी, मांस, हाडे, तुरा, सगळ्यावर काळी झाक. तिच्यात पूर्ण काळा, रेघांचा आणि सोनेरी असे तीन प्रकार मानतात. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते मानांकन त्या भागाचे आहे. नागपुरात वाढवलेल्या पक्ष्याला ते लागत नाही.

तिसरी बुसरा. गुजरात आणि आपला नंदुरबार-धुळ्याकडचा पट्टा हे तिचे घर. महाराष्ट्राच्या नावावर नोंद असलेली ही कोंबडी फार थोड्यांना माहीत आहे.

यांशिवाय आपल्या गावांत जी तांबडी, करडी, ठिपक्यांची, उघड्या मानेची गावरान कोंबडी फिरते, तिला नोंदीचे नाव नसले तरी गुण आहेत. घार दिसताच ती पिल्ले पंखाखाली घेते, रात्री झाडावर किंवा आढ्यावर चढते, पोट स्वतः भरते आणि एकवीस दिवस रवणावरून हलत नाही. नागपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकूनच अंग थंड करते. उघड्या मानेच्या पक्ष्याच्या अंगावर पिसे कमी असल्याने उष्णता लवकर बाहेर पडते. हा गुण एका पिढीतून दुसरीत सहज उतरतो. अशी कोंबडी दिसायला कुरूप म्हणून पुष्कळ जण आधी तीच विकतात. नागपूरच्या उन्हात मात्र तीच टिकते.

शोभेचे पक्षी

शहरातील पक्ष्यांच्या दुकानांत हल्ली सिल्की, पॉलिश, ब्रह्मा, कोचीन असे शोभेचे पक्षी जोडीने विकायला येतात. पक्षी देखणे आहेत, हौसेला मोल नसते, हे खरे. पण परसात मोकळे सोडण्यापूर्वी त्यांची घडण समजून घ्यावी. सिल्कीची पिसे केसांसारखी सुटी असतात. त्यांवरून पाणी ओघळत नाही आणि तिला उडताही येत नाही. पावसाळ्यात ती भिजून गारठते, रात्री मुंगसाच्या हाती लागते. पॉलिशच्या डोक्यावरचा झुबका डोळ्यांवर येतो, त्यामुळे वरून येणारी घार तिला दिसत नाही. ब्रह्मा आणि कोचीन वजनाने भारी, पायांवरही पिसे. आपला उन्हाळा त्यांना जड जातो आणि चिखलात पायाची पिसे भरून जखमा होतात. हे पक्षी ठेवायचे तर जाळीत, कोरड्या जागी आणि गावरान कळपापासून वेगळे ठेवावेत. एक गोष्ट मात्र सिल्कीच्या बाजूने सांगितली पाहिजे. ती रवणावर बसायला फार चांगली असते.

ज्वर येतो आणि उतरतो

कोचीन पक्षी चीनमधून इंग्लंडात गेले तेव्हा १८४५ ते १८५५ या काळात इंग्लंड-अमेरिकेत कोंबड्यांचे असे वेड पसरले, की लोक त्याला कोंबडीज्वरच म्हणू लागले. राणी व्हिक्टोरियाने पक्षी पाळले, प्रदर्शने भरली, एकेका जोडीला अवाच्या सवा किंमत आली. दहा वर्षांत ज्वर उतरला. शेवटी महाग पक्षी घेणाऱ्यांच्या हाती साध्या कोंबड्याच उरल्या.

हे परदेशचे झाले. आपल्याकडे २०१९ साली पश्चिम महाराष्ट्रात, सांगली-कोल्हापूरच्या ऊस पट्ट्यात, कडकनाथच्या कराराने हेच घडले. पैसे भरा, पिल्ले घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या दराने परत घेऊ, असा तो करार होता. काही काळ पैसे मिळाले, मग खरेदी थांबली. शेकडो शेतकऱ्यांच्या घरी न विकलेली अंडी आणि खाद्याविना पक्षी राहिले. प्रकरण पोलिसांत गेले. त्याआधी इमूच्या बाबतीतही अनेकांनी असेच हात पोळून घेतले होते.

यातली खूण ओळखून ठेवावी. अंडे शेवटी कोण खाणार आणि तो किती पैसे देणार, याचे उत्तर जिथे मिळत नाही आणि पैसा फक्त पुढच्या शेतकऱ्याला पिल्ले विकून येतो, तिथे शेवटी येणारा बुडतो. काळ्या मांसाने अमुक रोग बरा होतो म्हणून चढा भाव सांगितला, तर तो भावही देऊ नये.

आणखी एक. काळी कोंबडी म्हणजे शुद्ध कडकनाथ, असे समजू नये. हा काळेपणा संकरातही उतरतो. कडकनाथ कोंबडा आणि साधी गावरान कोंबडी यांच्या पिल्लांतही, विशेषतः माद्यांत, चांगलीच काळी झाक दिसू शकते. रंगावरून खात्री होत नाही. खात्री होते ती आई-बाप कोणते, त्यांची नोंद आहे काय आणि पिढ्यान्‌पिढ्या पिल्ले एकसारखी निघतात काय, यावरून. पिल्ले घ्यायची तर सरकारी उबवणी केंद्र, कृषी विज्ञान केंद्र किंवा आपल्या नागपुरातील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आधी चौकशी करावी.

एक कोंबडा, दहा कोंबड्या : हिशेब

समजा एका घरी दहा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. पिल्ले झाली, त्यांतल्या तलंगा ठेवल्या, कोंबडा तोच राहिला. आता बाप आणि लेकी एकत्र आले. अशा जोडीच्या पिल्लांत आप्तसंबंधाचे प्रमाण २५ टक्के येते. परिणाम लगेच डोळ्यांत भरत नाही. आधी अंडी फळत नाहीत, मग पिल्ले कवचातच मरतात, जगलेली खुरटतात. घरात म्हणतात, "यंदा रवण साधलं नाही." दोष रवणाचा नसतो.

पैदाशीच्या शास्त्रात यासाठी एक सोपे सूत्र आहे. नर आणि माद्यांचा गुणाकार करावा, त्याची चौपट करावी आणि नर-माद्यांच्या बेरजेने भागावे. एक नर, दहा माद्या : चाळीस भागिले अकरा, म्हणजे ३.६. कळपात अकरा पक्षी दिसतात, पण वाणाच्या दृष्टीने तो साडेतीन पक्ष्यांइतकाच आहे. बाहेरचे रक्त आले नाही, तर दर पिढीला सुमारे १४ टक्के आप्तसंबंध वाढतो.

आता अशी चार घरे एकत्र धरू. नर चार, माद्या चाळीस. सूत्राने उत्तर येते १४.५ आणि वाढ राहते दर पिढीला साडेतीन टक्क्यांच्या आत. प्रत्येक घराने दोन कोंबडे ठेवले, तर ती दोन टक्क्यांच्याही खाली येते. एकाही घराने जास्तीची कोंबडी घेतलेली नाही. फक्त चार घरे एका हिशेबात आली.

वाण एका घरात टिकत नाही, तो चार घरांत मिळून टिकतो. सहकाराचे तत्त्व आपल्याला नवे नाही. एकट्याच्या उसाला कारखाना उभा राहत नाही, तसेच हेही.

चार घरांचा फेरा

फेऱ्याची रीत सोपी आहे. एकाच वाणाच्या कोंबड्या असलेली चार घरे ठरवावीत. तलंगा ज्याच्या त्याच्या घरी राहतील. कोंबडे मात्र दरवर्षी पुढे सरकतील. पहिल्या घरचा तरुण कोंबडा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, तिसऱ्याचा चौथ्याकडे आणि चौथ्याचा पहिल्याकडे. आपल्या घरी जन्मलेला कोंबडा आपल्याच कळपावर कधी ठेवायचा नाही, एवढा एकच नियम.

वेळ पाळावी. नव्या तलंगा अंड्यावर येण्याआधी त्यांचा बाप हलवावा. घरचे बाकीचे नर आरवू लागण्याच्या आधीच वेगळे करावेत किंवा विकावेत. नवा कोंबडा आल्यावर लगेच रवणाची अंडी धरू नयेत. जुन्या कोंबड्याचे बीज कोंबडीच्या पोटात दोन ते तीन आठवडे टिकते. तेवढ्या दिवसांची अंडी खावीत, विकावीत, मग रवणासाठी धरावीत. घराप्रमाणे पायात वेगळ्या रंगाचे कडे घालावे आणि एका वहीत तारीख, कोंबडा कोणाचा, अंडी किती, पिल्ले किती, एवढे लिहावे. कडकनाथ किंवा असील शुद्ध राखायचा असेल, तर रवणाच्या काळात तो कळप जाळीत बंद ठेवावा. शेजारचा कोंबडा कुंपण विचारत नाही.

निवड करताना रंगावर भुलू नये. ज्या आईने बसवलेल्या बारा अंड्यांतून दहा पिल्ले काढली आणि त्यांतली आठ वाढवली, तिचा मुलगा पुढच्या घरी पाठवावा.

रवण, पिल्ले आणि लस

आपल्या भागात रवणाचा उत्तम काळ दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत. उन्हाळ्यात खोलीतल्या उष्णतेनेच अंड्यात अर्धवट वाढ सुरू होते आणि ते वाया जाते. रवणाची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात, सावलीत ठेवावीत. एका कोंबडीखाली दहा-बारा पुरेत. सातव्या-आठव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडात अंडे पाहावे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर ठेवावे, कोरे दिसले तर काढावे. कडकनाथ रवणाला फारशी भरवशाची नसते. तिची अंडी गावरान आईखाली घालावीत. जानेवारीत निघालेला कोंबडा आखाडात विक्रीला येतो. त्यानंतर श्रावण लागतो आणि मागणी बसते, हेही लक्षात असू द्यावे.

सर्वांत जास्त मर पहिल्या सहा-आठ आठवड्यांत होते. पहिले काही आठवडे आई-पिल्ले डालग्याखाली ठेवून कणी, बारीक केलेली ज्वारी आणि तुरीची चुरी द्यावी. वाळवी हा फुकटचा उत्तम खुराक आहे.

मोठा शत्रू मानमोडी, म्हणजेच राणीखेत. हिरवी विष्ठा, धाप, वाकडी मान, आणि दोन दिवसांत खुराडे रिकामे. यावर औषध नाही, लस आहे. साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आरटूबी लस टोचून. देवीची लस केव्हा द्यायची ते आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर सांगतील. अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते, ती बर्फात आणावी लागते आणि पाणी मिसळल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोण आणील? दहा घरांनी एकच दिवस ठरवला तर एका बाटलीत काम होते. इथेही एकट्याने भागत नाही.

साथ आणि एका ठिकाणचे बेणे

बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा २००६ साली नवापूरला आढळला. मार्च २०२४ मध्ये तो नागपूरच्या प्रादेशिक अंडी उबवणी केंद्रात निघाला. तिथले साडेआठ हजारांच्या आसपास पक्षी आणि साठवलेली अंडी नष्ट करावी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने दगावले. रोग फैलावू नये म्हणून बाधित जागेभोवती ठराविक अंतरातले पक्षी सरकारला काढावेच लागतात. म्हणजे एखादा वाण एकाच केंद्रात किंवा एकाच घरी असेल, तर तो एका दिवसात संपू शकतो. आपल्या फेऱ्यातले एक घर म्हणूनच दुसऱ्या गावात असावे.

अचानक मर दिसली तर मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये, आजारी पक्षी बाजारात विकू नये, नाल्यात फेकू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

ऊसवाल्यांना दोन सूचना

खोडकिडीसाठी टाकलेले दाणेदार कीटकनाशक कोंबडीला धान्यच वाटते. काही दाणे पोटात गेले तरी ती मरते. अशा प्लॉटमध्ये पक्षी सोडू नयेत, उरलेली पिशवी बांधावर ठेवू नये आणि सांडलेले दाणे मातीत गाडावेत. दुसरे, खुराड्यात पाचट किंवा भुसा अंथरायचा तर तो पूर्ण वाळलेला असावा. बुरशी आलेल्या पाचटाने पिल्लांच्या फुप्फुसाचा रोग होतो. जुने, कुजवलेले अंथरुण मात्र शेणखतात मिसळून उसाला घालावे. कोंबडीखत नत्राने भारी असते, म्हणून ताजे घालू नये.

सभासदांनी आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. घरच्या बायामाणसांनाही बोलवावे, कारण कोणती कोंबडी चांगली बसते हे त्यांनाच ठाऊक असते. चार घरे ठरवावीत, एक वही घालावी, लसीचा दिवस नेमावा. दिवाळीच्या रवणाला सुरुवात केली, तर पुढच्या हंगामात पहिला कोंबडा एका घरातून दुसऱ्या घरात गेलेला असेल.